तिसऱ्या भागाचा शेवट

३ जून

ती. बाबांना,
सा. न., आणि विनंती एकच आहे, ती खाली येतेच.

फोन लागत नाही म्हणून काळजीत असाल. मीच बंद केलाय. आमच्या कंपनीच्या गेमचा तिसरा भाग गेल्या आठवड्यात आला आणि त्याचा शेवट मी लिहिलाय हे लोकांना कळलं. कुणीतरी माझा नंबर सगळीकडे वाटला. उचलला की शिव्या. मेलचीही तीच गत. म्हणून हा कागद. तुमच्यासारखं वळणदार अक्षर नाही, पण कागद निदान उलटून बोलत नाही.

गोष्ट मीच सांगते, नाहीतर धाकटा तिखटमीठ लावून सांगेल. बुडालेल्या देशातला एक खलाशी आईला शोधत घरी निघालाय. दोन भाग त्यातच गेले, लोक वर्षानुवर्षं थांबले. तिसऱ्या भागात तो घरी पोचतो. आई खाटेवर असते, आणि खेळणाऱ्याने कुठलंही बटण दाबलं तरी ती उठत नाही. एवढंच. लोक म्हणतात, मी त्यांचं बालपण नासवलं. ऑफिसच्या दारात आता पहारेकरी बसवलाय. शेजारी बसणारी चित्रकार माझ्याशी हळू आवाजात बोलते, जणू मला ताप आलाय.

विनंती अशी की लोक काय लिहितात ते वाचू नका. गुडघा कसा आहे ते कळवा.

तुमच्या लोभातली,
ठकी

१४ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधीच मी सगळं वाचून बसलो होतो. लोक जिथे लिहितात तिथे धाकट्याने मला खातं उघडून दिलं. माझी सगळी नोकरी डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत झाली हे तू जाणतेसच. गाडी चुकलेला माणूस खिडकीशी येतो तो भांडायलाच. त्याला आधी बोलू द्यायचं, मग शांतपणे पुढची गाडी सांगायची. बहुतेक जण निवळतात. इथेही मी तेच करतो. प्रत्येकाला लिहितो की मी तिचा बाप, आपली नेमकी तक्रार काय? एकाने तुला जाळायला हवं असं लिहिलं होतं. त्याला विचारलं, आपण जेवलात का. त्याने उत्तर दिलं नाही, पण पुढे काही लिहिलंही नाही. हे मी यशच धरतो.

शिवाय गेम खेळायला घेतलाय. न बघता बाजू कशी घेणार? रिमोट हातात बसत नाही (त्याला रिमोट म्हणू नका, इति धाकटा). खलाशी सारखा पाण्यात पडतो. पहिल्या पुलावरच्या रखवालदाराला मारून पुढे जायचं असतं, पण त्याने मला नमस्कार केला. मग कसा मारू? तिथेच अडकलो. शेवटी धाकट्याने त्याला मारलं, तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. समुद्र मात्र फार छान केलाय तुम्ही. धाकट्याचं मत त्याचं तोच लिहील. गेमच्या शेवटाबद्दल तो माझ्यासमोर तोंड उघडत नाही.

गुडघा आहे तसाच आहे. वेळेवर जेव. लोभ आहेच, तो मागायचा नसतो.
बाबा

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. (हे बाबांनी लिहायला लावलं.)

बाबांना आवर. मी थकलो. त्यांचं ते 'मी तिचा बाप, आपली नेमकी तक्रार काय' लोकांनी उचललं. डेपोतल्या नोकरीचं त्यांनीच भोळेपणाने लिहिलं होतं, मग त्यांचा फोटो एका खिडकीत चिकटवून खाली तेच वाक्य टाकलं. जिकडे तिकडे ते चित्र. लोक मुद्दाम तक्रारी लिहितात, मांजर हरवलं, बायको पळाली, आणि बाबा प्रत्येकाला मनापासून उत्तर देतात. लोक पोट धरून हसतात. बाबांना वाटतं वातावरण निवळतंय.

मग कुणीतरी पत्ता काढला. सोमवारी दारात अँब्युलन्स. या घरात म्हातारा मेलाय असं कुणी कळवलं होतं. दार बाबांनीच उघडलं. स्ट्रेचर घेऊन आलेल्यांना फुकट खेप पडली याचीच त्यांना इतकी लाज वाटली की चहा पाजून पाठवलं. बुधवारी पुन्हा आली. आता बेल वाजली की ते दचकतात.

आता माझं. इतकी वर्षं गेम खेळतोय, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मला तिसरा भाग आवडला नाही. अर्धा वेळ नुसती तंगडतोड, आणि घराजवळ आलो की सगळं घाईत गुंडाळलंय. त्यामुळे आई उठत नाही ते अंगावर येत नाही, फसवल्यासारखं वाटतं. शेवट बदला म्हणून जो अर्ज फिरला त्यावर माझी सही आहे. शिव्या सुरू व्हायच्या आधीची, पण आहे. शेवट तुझा हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बहुधा केली असती.

रागाव हवं तर, पण उत्तर टाक.
तुझाच,
धाकटा

१० जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. रागावलेले असले तरी आशीर्वादच.

अँब्युलन्सचं वाचलं. माझ्यापर्यंत होतं तोवर मी सोसत होते. ते खातं बंद कर, बाबा चिडले तरी.

तुझ्या सहीचं वाईट वाटलं, पण एवढ्या ढिगात शिवी न देता मत देणारा तू एकटाच भेटलास. घाईचं म्हणतोस ते खरं आहे. तारीख जाहीर झाली होती, म्हणून शेवटचा टप्पा अर्धा कापला. घराकडे जाणारा लांब रस्ता होता, त्यावर आई आठवणीत पुढे चालत असते. त्यातला तुकडाच उरला.

कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. ती आई आपली आई आहे. सहलीच्या जुन्या व्हिडिओवरून तिची चाल उतरवून घेतली. कमरेवर हात, डावी चप्पल किंचित ओढत, आणि थोडं चालली की मागे वळून बघायचं, सगळे येताहेत ना. खाट, खिडकी, सगळं मागच्या खोलीतलं. मी उशाशी बसून हाका मारत होते आणि ती उठली नाही. ते मला दुसरं कसं लिहिता येणार होतं?

काल कंपनीने कळवलं की शेवट बदलायचा. अपडेट येईल, त्यात आई उठेल. साहेब म्हणाले, यात वैयक्तिक काही नाही. मग माझं नाव काढून टाका असं मी सांगितलं आणि राजीनामा दिला. कुणी थांब म्हटलं नाही.

बाबांना तिथपर्यंत जाऊ देऊ नकोस. त्या खाटेशी ते माझ्याहून जास्त बसलेत.

ताई

२८ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद. आज मजकूर नीट जुळत नाही, सांभाळून घे.

धाकट्याने गेम लपवला होता. अपडेट आल्यावर, आता आई उठते म्हणजे हरकत नाही असं त्याला वाटलं आणि त्याने काढून दिला. मी घराच्या रस्त्याला लागलो. पुढे एक बाई चालली होती. तिने वळून पाहिलं आणि माझ्या हातातून रिमोट पडला. मला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. बाकीचं धाकट्याने मग सांगितलं.

खोलीत गेलो. बटण दाबलं. ती उठली. खाटेवर बसली, केस सारखे केले आणि कधी आलास म्हणून विचारलं.

ठके, तुझा शेवट खरा आहे. मी होतो त्या खोलीत. त्याच्यासाठी अनोळखी लोकांशी भांडलो. पण आता रोज दुपारी, जेवण झालं की, मी तेवढंच लावतो. ती उठते. मागे जातो, पुन्हा दाबतो, पुन्हा उठते. जुना शेवट दाखवू का, असं धाकट्याने विचारलं तर मी त्याच्यावर ओरडलो. जे तुला नको नको ते बोलले, त्यांच्याच रांगेत आता मी उभा आहे.

तुझ्यापासून लपवून बघणं बरं वाटेना, म्हणून लिहिलं. जमेल तेवढा लोभ ठेव.
बाबा

६ सप्टेंबर

ती. बाबांना,
सा. न.

पत्र पोचलं. ओशाळू नका. बघा, रोज बघा.

मी रंगाच्या एका कारखान्यात लागले आहे, मालाच्या पाठवणीच्या खात्यात. इथे मला कुणी ओळखत नाही. शेजारच्या टेबलावरचा एक जण परवा सांगत होता की त्या गेमचा शेवट बदलला ते बरं झालं, आधी कुणा बाईने पार वाट लावली होती. मी हो म्हटलं.

बाबा, त्या लोकांच्या शिव्यांनी मी लिहायचं सोडणार नव्हते. इथे आल्यावर नवी गोष्ट सुरूही केली होती. तुमचं पत्र वाचलं आणि थांबले. ती खोली ज्याला माहीत आहे त्यालाही ती उठलेलीच हवी आहे. मग ते मी कुणासाठी लिहिलं होतं, हे मला काही केल्या सांगता येईना. तुमचा दोष नाही. मला तरी ती झोपलेली कुठे हवी होती?

येत्या रविवारी घरी येईन. दुपारी नको, संध्याकाळी येते.

तुमची,
ठकी