कालचं विद्यापीठ

१२ जून

ती. अक्का,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय आणि तुम्ही रोज गच्चीवर जाता, हे तुमच्या सुनेकडून कळलं. सुधारायचं नाही असं ठरवलेलंच दिसतंय. इकडे सगळे मजेत. धाकटी नोकरीला लागली आणि माझ्या निवृत्तीला चार महिने उरले.

विद्यापीठाला साठ वर्षं होताहेत. स्मरणिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नव्या कुलसचिवांना आपल्या टोपणनावाची लाज वाटते, म्हणून त्यांनी पाच अक्षरांचं संक्षिप्त नाव काढून पाट्यांवर, कपांवर, रखवालदाराच्या टोपीवरसुद्धा छापलं. परवा टॅक्सीवाल्याला मी ते सांगून पाहिलं. तो म्हणाला, "हे कुठे आलं बुवा?" शेवटी 'कालचं विद्यापीठ' म्हटलं तेव्हा कुठे गाडी हलली.

तर, हे नाव कसं पडलं यावर एक पान हवंय. समितीत एक प्राध्यापक म्हणाले, आपला अभ्यासक्रम जुनाट होता म्हणून. दुसरे म्हणाले, मनोऱ्यावरचं घड्याळ मागे चालायचं म्हणून. दोघांची चांगलीच जुंपली. मी चहा पीत बसले होते. मला तुमची प्रवेशाची खिडकी दिसत होती.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पाच वाजता रांगेत जो कोणी उभा असेल, त्याला तुम्ही सहीची चिठ्ठी द्यायचात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे अर्ज घेऊन, चिठ्ठी टाचून, आदल्या दिवसाचा शिक्का मारायचात. रांग संपेपर्यंत शिक्क्याची तारीख पुढे सरकवायची नाही, हा तुमचा नियम. अकरा-अकरापर्यंत आपल्या ऑफिसात कालचीच तारीख चालायची. शेजारच्या कॉलेजातले कारकून फोनवर विचारायचे, "काय अक्का, तुमच्याकडे अजून कालच का?" त्यांच्याकडून ते पोरांनी उचललं आणि गावभर झालं.

इथवर लिहायला सोपं होतं.

मी त्या रांगेत नव्हते, अक्का. आदल्या दिवशी, मला पुढे शिकायचंय हे घरी सांगायचं धाडसच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि चिठ्ठी हरवली म्हणून तुमच्याशी खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "पोरी, आधी पाणी पी." आणि शिक्का मारलात. माझी पदवी, नोकरी, माझ्या मुलींचं शिक्षण, सगळं त्या एका शिक्क्यामुळे. किती उपकार म्हणून सांगू?

सात वर्षांनी जुन्या प्रवेश-अर्जांची तपासणी झाली तेव्हा मी तुमच्याच शेजारच्या टेबलावर होते. बिनचिठ्ठीचा एकच अर्ज सापडला. त्यावर माझं लग्नाआधीचं नाव होतं, तपासणीच्या साहेबांना ते ठाऊक नव्हतं. तुम्ही नाव वाचलंत, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, आणि म्हणालात, "चिठ्ठी माझ्याकडून गहाळ झाली." तुमची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात झाली, तेरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत. तुमची खुर्ची मला मिळाली. मी तोंडातून ब्र काढला नाही. दुपारी डबा घेऊन मी खाली यायचे तेव्हा तुम्ही हसून माझ्या मुलींची चौकशी करायचात. त्या हसण्याने मला जास्त लाज वाटायची.

पान लिहून झालंय. तुमची पद्धत लिहिलीय, तुमचं नाव लिहिलंय, आणि तो अर्ज माझा होता हेही लिहिलंय. कुलसचिव म्हणाले, "जाता जाता कशाला हात पोळून घेता? पेन्शन अडकेल." अडकू दे. सोमवारी छपाईला जातंय.

तुमची परवानगी मागत नाही. तुम्ही नको म्हणाल, आणि तुमचा शब्द मला मोडवत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला मंगळवारी मिळेल अशा बेताने टाकतेय.

जन्माची ऋणी आणि तेहतीस वर्षं गप्प बसलेली,
तुमची शेजारच्या टेबलावरची