दादाचा ठोका

३ मार्च, सोमवार

हॉलवरचा शनिवारचा नाच अजून डोक्यातून जात नाही. वॉल्ट्झ, तो तीन ठोक्यांचा जोडीचा नाच, सुरू केला आणि चौथ्या मिनिटाला अर्धे लोक खुर्च्यांवर. टोपीवाले – निवृत्त पोस्टमन, एकही शनिवार चुकवत नाहीत – जाता जाता म्हणाले, "बाई, तुमचा हात गोड आहे हो. पण मागचा ताल पायाखाली येत नाही."

खरं तेच बोलले. हॉलवर मी एकटीच वाजवते. उजव्या हाताने सूर, डाव्याने कॉर्ड म्हणजे साथीचे तीन सूर एकदम, आणि ड्रम, बास, गिटार सगळं कीबोर्डच्या पोटातून. कंपनीने भरून दिलेला तयार ताल. रेडिमेड शर्टासारखा. अंगात जातो सगळ्यांच्या, बसत कुणालाच नाही.

हॉलचे चिटणीस म्हणाले, एप्रिलपासून स्पीकरवर गाणी लावून बघू या का, तुमच्याबद्दल काही नाही हं. तुमच्याबद्दल काही नाही म्हणजे माझ्याबद्दलच.

५ मार्च, बुधवार

भाची आली होती. दादाची मुलगी. डबिंग स्टुडिओत काम करते, आवाज कापते आणि जोडते. तिला रडगाणं सांगितलं तर म्हणाली, "आत्या, मग तुझा ताल तूच बनव ना. कॉम्प्युटरवर बनतो. त्याला स्टाइल म्हणतात."

मी म्हटलं, पन्नाशी उलटली माझी. ती म्हणाली, "म्हणून काय झालं? तू सदऱ्याचा कोट करतेस."

शिवणयंत्र खिडकीकडे सरकवलं. टेबलावर लॅपटॉप, कीबोर्ड, मध्ये वायर. सुया आणि पेन ड्राइव्ह आता एकाच डबीत.

७ मार्च, शुक्रवार

समजलं ते लिहून ठेवते, नाहीतर सकाळपर्यंत उडून जाईल.

अख्खं गाणं भरायचं नाही. फक्त दोन-दोन, चार-चार बारचे तुकडे; बार म्हणजे तालाचं एक आवर्तन. सुरुवात, साधा भाग, भरलेला भाग, एकातून दुसऱ्यात जायची उडी, शेवट. आणि सगळं एकाच कॉर्डमध्ये – सीमध्ये. मी एफ दाबला की कीबोर्ड ते आपोआप एफला बसवून देतो. म्हणजे एकाच मापावर बेतायचं, गिऱ्हाइकाप्रमाणे शिलाई तो घालणार. हे एकदा डोक्यात बसलं आणि बरं वाटलं. हे तर माझंच काम!

१० मार्च, सोमवार

हसून हसून पोट दुखलं. पहिली स्टाइल कीबोर्डमध्ये घातली. सी दाबला – ठीक. जी दाबला – ड्रमच्या जागी शिट्टी. ए दाबला – कुणीतरी घंटा बडवतंय. बाईंच्या खोलीत सर्कस.

भाचीला फोन. म्हणाली, "ड्रमच्या ओळीला 'कॉर्डप्रमाणे बदल' असं सांगून ठेवलंयस. ड्रमला कॉर्ड नसते, आत्या." एक खूण काढली, सगळं जाग्यावर.

यांनी आतून विचारलं, "घंटा वाजली, कोण आलंय?"

१२ मार्च, बुधवार

बास बसला. गिटार बरी आहे. ड्रम मात्र मेलेलाच. मी माउसने एकेक ठोका ठेवते, सगळे आपापल्या चौकटीत शिस्तीत बसतात, आणि ऐकलं की वाटतं, रांगेत उभे आहेत रेशनसाठी.

१४ मार्च, शुक्रवार

दादा आला. पँट आखूड करून हवी होती.

हे नीट लिहायला हवं. तीस वर्षं आम्ही बरोबर वाजवलं – मी, दादा ड्रमवर, आणखी दोघं. ते दोघं पांगले. दादाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याला सलग पाच मिनिटंही वाजवता येईना. मग मी हा कीबोर्ड घेतला. तेव्हा तो एकच वाक्य बोलला होता: "माझ्या जागी डबा आणलास." भांडण नाही, काही नाही. येतो, जातो, पोटभर गप्पा मारतो. पण दोन वर्षांत संगीताचा शब्द नाही.

आज मी पँटची घडी उसवत होते आणि लॅपटॉपवर माझा वॉल्ट्झ गोल गोल फिरत होता. बंद करायचं विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते.

दहा मिनिटं त्याने पेपर वाचला. पान काही उलटलं नाही. मग पेपरच्या आडूनच म्हणाला,

"दुसरा लवकर पडतोय."

"काय?"

"दुसरा ठोका. पहिल्यावर बाई पाऊल टाकते. मग पाय उचलायला वेळ नको का तिला? तू लगेच तिच्या टाचेवर."

मी म्हटलं, मग किती उशिरा हवा? त्याने टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. केसभर उशीर. बस्स. तेवढ्याने खोलीतली हवा हलली.

मी म्हटलं, "दादा, हे भरून देशील मला?"

तो उठला. पँट न घेताच गेला.

१५ मार्च, शनिवार

हॉलवर बावीस जण. गेल्या महिन्यात चाळीस होते.

१७ मार्च, सोमवार

वहिनीचा फोन. "पँट झाली का विचारतोय. दोनदा विचारून झालं. पँटची एवढी काळजी त्याला लग्नातही नव्हती." मी म्हटलं, झाली, पण त्यालाच पाठव.

१८ मार्च, मंगळवार

आला. पिशवीत ड्रमच्या काठ्या होत्या! भाचीने स्टुडिओतून ड्रमचे रबरी पॅड आणून ठेवले होते, लॅपटॉपला जोडलेले. त्याने एकावर टिचकी मारली. "ताटात जेवणाऐवजी जेवणाचा फोटो," म्हणाला. पण बसला.

आणि मग कळलं – हे काम जणू त्याच्या खांद्यासाठीच बनलंय. चार बार वाजवायचे की थांबायचं. चहा. पुन्हा चार बार. सलग वाजवायचं इथे कुणी मागतच नाही.

दीड तासात साधा भाग झाला. खांदा शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. ती खांद्यावर ठेवून तो म्हणाला, "आता उडी घेऊ." मी म्हटलं, उद्या.

२० मार्च, गुरुवार

भाचीने हौसेने एक बटण दाबलं. त्याने सगळे ठोके ओढले जाऊन अचूक चौकटीत बसतात. ऐकलं – पुन्हा रेशनची रांग.

दादा तिला म्हणाला, "काय केलंस?"

"सरळ केलं, बाबा. थोडं वाकडं होतं."

"वाकडं नव्हतं ते. मी होतो."

तिने परत फिरवलं. त्यानंतर त्या बटणाला कुणीही हात लावला नाही. सुरकुत्या काढायला गेलो आणि माणूसच पुसला, असं व्हायचं.

२४ मार्च, सोमवार

शेवट दोन झाले. एक लांब, एक छोटा. छोटा कशाला, मी विचारलं. म्हणाला, "कुणाला धाप लागली की मी आवरतं घ्यायचो. तुझ्या लक्षात नाही आलं कधी?" तीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसले होते मी. नाही आलं.

२६ मार्च, बुधवार

स्टाइल पुरी झाली. पेन ड्राइव्हवरून कीबोर्डमध्ये घातली, सी, एफ, जी, सगळीकडे फिरवून बघितली. कुठेच शिट्टी नाही. माझ्या डाव्या हाताखाली दादा वाजत होता, बोट उचललं तरी वाजत होता. यांनीसुद्धा दारात येऊन ऐकलं.

मला वाटलं दादा खूश होईल. काठ्या पिशवीत घालता घालता म्हणाला, "चला. म्हणजे आता माझी गरज संपली."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. "असं काय बोलतोस" म्हणाले. ते काही बोलणं नव्हे. शनिवारी ये म्हटलं तर "बघतो" म्हणाला. दादाचा "बघतो" म्हणजे नाही.

२९ मार्च, शनिवार

वॉल्ट्झ अकरा मिनिटं चालला! कुणी बसलं नाही. पाठीमागच्या दोघी बहिणी, ज्या नेहमी पर्स सांभाळत बसतात, त्याही उठल्या. टोपीवाले नाचता नाचता माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "ड्रमवाल्याला कुठे लपवलंय?" एकाला खोकला आला तेव्हा मी छोटा शेवट दाबला. दादाने आवरलं असतं तसंच आवरलं.

चिटणीस म्हणाले, स्पीकरचं राहू द्या सध्या.

दादा आला नाही. वहिनीही नाही.

सगळं मनासारखं झालं, आणि घरी येताना पिशवी जड लागली.

३१ मार्च, सोमवार

दादाकडे गेले. टोपीवाल्यांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तो कुंडीतली माती उकरत होता. उकरतच राहिला. मग म्हणाला, "अकरा मिनिटं? एवढा वेळ मला नसतं जमलं." सुरात राग नव्हता, तोऱ्याच्या जवळपासचं काहीतरी होतं. वहिनी माझ्याकडे बघून गालात हसली.

निघताना तिने दारात विचारलं, "शनिवारी किती वाजता?" जसं काही तिला माहीत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

तीन ब्लाउज, एक पडदा. फॉक्सट्रॉट या दुसऱ्या नाचाच्या स्टाइलची सुरुवात केली. बास मस्त जमलाय.

५ एप्रिल, शनिवार

दादा आला. सवयीने ड्रमच्या जुन्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, हात मागे. मी वॉल्ट्झ सुरू केला. कोपऱ्यात करायला काहीच नव्हतं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग हॉल ओलांडून वहिनीच्या खुर्चीसमोर गेला.

तीस वर्षं ती तिथे बसून त्याचं वाजवणं ऐकायची. नाचली एकदाही नव्हती, नाचणार कुणाबरोबर?

त्याला नाचता येत नाही. चार वेळा तिच्या पायावर पाय दिला. मी छोटा शेवट दाबला नाही.