एकविसावा दिवस

झाँसी,
रविवार, २ फेब्रुवारी १९९७

प्रिय बकुळा,

नऊ महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. तुला त्यात काही वेगळं आठवत असेल तर तसं कळव.

१. ११ नोव्हेंबर १९९५, सकाळी सात चाळीस. जानकी काकीच्या पांढऱ्या बकरीला मी कृत्रिम रेतन केलं. माझं एकोणिसावं. बकरी तू धरली होतीस.

२. २ डिसेंबर. एकविसावा दिवस. बकरी पुन्हा माजावर येते का ते बघायला सूबेदार बोकडाला, चढू नये म्हणून पोटाखाली कपडा बांधून, तू एकटी घेऊन गेलीस. वहीत तुझ्या अक्षरात आहे : "माजावर नाही."

३. ३० एप्रिल १९९६, सकाळी. बकरी व्याली. दोन करडं, एक नर, एक मादी.

४. ४ मे. आपल्या प्रशिक्षण केंद्राला दिलेल्या अहवालात व्याल्याची तारीख मी ९ एप्रिल लिहिली.

५. १८ मे. मला प्रमाणपत्र मिळालं.

६. ऑगस्टमध्ये केंद्राने तो नर काकीकडून घेतला. या २४ तारखेला तो पैदाशीचा बोकड म्हणून गरौठ्याला जाणार आहे.

बकरी दीडशे दिवसांनी विते, चार-पाच दिवस इकडे-तिकडे. ११ नोव्हेंबरपासून पुढे मोजलं की ९ एप्रिल येते. ३० एप्रिलपासून मागे मोजलं की २ डिसेंबर येते. मी कॅलेंडरवर बोट ठेवून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

९ एप्रिलनंतर मी दर दोन दिवसांनी काकीकडे जात होते. वीस तारखेला बकरीच्या अजून न भरलेल्या कासेला हात लावला तेव्हाच मला कळलं होतं, पण कळलं आहे असं मी स्वतःशी म्हटलं नाही. तीस तारखेला पोचले तर काकी गोणपाटाने करडं पुसत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "काए बिन्नू, दो-दो भए हैं, और तुम मों लटकाएँ ठाड़ी हो?" मी विचारलं, मधे बोकड कधी सुटला होता का? तिला लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. "ऊ दिना तुमाई गुइयाँ ने कपड़ा छोर दओ तो. हम समझे, जेई कायदा हुइए." आधी सरकारी नळी आणि मग तीन आठवड्यांनी बोकड, असा नियमच आहे असं ती समजून चालली होती. शेजारणींनाही तिने तसंच सांगितलं आहे. आता त्या गावात गेलं की बायका विचारतात, नळी आणली, बोकड कधी आणणार? तू असतीस तर हसून रस्त्यातच बसली असतीस. मला हसू आलं नाही. गुइयाँ म्हणजे मैत्रीण हे मात्र मला त्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं झाँसीत राहून हा शब्द मला कधी लागला नव्हता.

काकी पुढे म्हणाली की कपडा सोडल्यावर तू पाठ करून बसलीस आणि चहा प्यायलीस. दोन कप. हे मी अहवालात लिहिलेलं नाही.

त्या २ डिसेंबरला मी घरी होते. इंदूरहून मंडळी मला बघायला आली होती आणि मुलगी काय करते या प्रश्नावर अप्पा म्हणाले, प्रयोगशाळेत असते. कसली प्रयोगशाळा ते पाहुण्यांनीही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मला सगळं खोदून खोदून विचारलंस, पोहे कसे झाले होते इथपर्यंत. तुझा दिवस कसा गेला हे मी विचारलं तेव्हा "ठीकच" म्हणालीस. तू ठीकच कधी म्हणत नाहीस. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर यादी वाचली होती. बकुळा, चार गाभण. अनुसूया, शून्य. स्वतःच्या हाताने केलेल्या रेतनातून निदान एक बकरी व्यायल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर होता. लेखी परीक्षेत मी पहिली होते. गर्भाशयाच्या मुखातली वळणं मला डोळे मिटून काढता येत होती. तरीही अठरा बकऱ्या एकामागून एक माजावर परत आल्या होत्या आणि एकोणिसावी तेवढी राहिली होती. जेवताना तू तुझ्या ताटातला गूळ माझ्या ताटात ठेवलास. मला वाटलं, तुला माझी कीव आली आहे. मी गूळ खाल्ला नाही.

मला का जमत नव्हतं ते मला नंतर सापडलं, तुला सांगायचं राहिलं. जूनमध्ये मी स्वतःवर घड्याळ लावलं. गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यातून काढल्यापासून बकरीत सोडेपर्यंत मला सात मिनिटं लागत होती. त्यातली चार मी वहीत वेळ, पाण्याचं तापमान आणि कांडीचा नंबर लिहिण्यात घालवत होते. कांडी गरम आहे हे लिहून होईपर्यंत ती नोव्हेंबरच्या हवेत गार होत होती. तू वही संध्याकाळी भरायचीस, आठवून, आणि निम्म्या वेळा चुकीच्या टाकायचीस. पण कांडी भरलेली रेतनाची गन तू स्वेटरच्या आत, अंगाशी धरून आणायचीस. त्या सकाळीसुद्धा काकीच्या अंगणात तू बकरीचे मागचे पाय उचलून धरून ओरडली होतीस, "अगं अनू, कांडी सोडते की तिची कुंडली लिहिते?" तू अगदी बरोबर सांगत होतीस आणि मी तुला गप्प बस म्हटलं. आता मी आधी सोडते, मग लिहिते. गनही तुझ्यासारखीच आणते. जूनपासून एकशे अठ्ठेचाळीस बकऱ्या झाल्या, सत्तावन्न गाभण राहिल्या. जमलं आहे, बकुळा.

बाकी इथली बातमी फारशी नाही. अप्पा आणि आई ऑगस्टपासून दादाकडे इंदूरला आहेत. घर भाड्याने दिलं, मी केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते. दोन खोल्या आहेत, एक उघडतच नाही. छावणीतून आजही जाते, द्रव नायट्रोजन आणायला. कंटेनरच्या तोंडातून वाफ येताना बघून जो शिपाई मागे सरला होता आणि तू ज्याला "ठंडी हवा है भैया, जम्मू से मँगाई है" म्हणाली होतीस, त्याची बदली झाली. नवा शिपाई काही विचारत नाही. लूनावर मागे कंटेनर बांधते, तिथे तू बसायचीस. मराठी आता फक्त बकऱ्यांशी बोलते. "हल मागे", "शहाणी ग माझी" एवढंच. परवा फोनवर आईशी बोलताना एका साध्या शब्दासाठी अडले आणि हिंदी शब्द वापरला. आईच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. तू मराठी वाचताना ओठ हलवतेस, म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

तुझी तीन पत्रं आली. लग्नाची पत्रिका, कोपऱ्यात "नहीं आई तो देख" असं लिहिलेली. मी आले नाही. जुलैमध्ये देवासचा पत्ता आणि नोकरी लागल्याचं. दिवाळीत ते कार्ड, ज्यावर फक्त "जिंदा है क्या?" होतं. तिन्ही माझ्याकडे आहेत. तुझा राग आला होता म्हणून उत्तर दिलं नाही असं मी बरेच महिने समजत होते. पण खोटी तारीख तू लिहिली नाहीस. ती मी लिहिली, चार दिवस विचार करून, चांगल्या अक्षरात. तुला पत्र लिहायला बसले असते तर हे लिहावं लागलं असतं.

आता त्या बोकडाबद्दल. तो देखणा झाला आहे. उंच, पांढरा, लांब कान. कानात ११२ नंबर. सूबेदारही त्याच जातीचा, त्यामुळे नुसतं बघून कुणालाच काही कळणार नाही. पण बोकडाचं दूध बोकडात दिसत नाही. कागदावर याचा बाप ज्याच्या आईने रोज अडीच लिटर दूध दिलं तो आहे. खरा बाप सूबेदार, ज्याची आई दोन महिन्यांत आटली आणि म्हणून ज्याला आपण फक्त माज ओळखायला ठेवला. गरौठ्याच्या आसपास चाळीस घरं आपापल्या बकऱ्या याच्याकडे आणतील. त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायल्यावर, म्हणजे दोन-तीन वर्षांनी, त्या घरांना कळेल. तोपर्यंत त्यांच्या दारात दुसरी पैदास उरलेली नसेल.

जानेवारीत त्याची तपासणी माझ्याकडेच आली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "अनुसूया जी, आपका पहला बच्चा है, नंबर कम मत दीजिएगा." एक अंडकोष लहान आहे एवढं लिहिलं असतं तर त्याला तिथेच बाद केलं असतं. कुणी पुन्हा बघितलं नसतं, माझ्या नोंदीवर इथे कुणी शंका घेत नाही. मी पेन हातात घेऊन उभी होते. मग जे होतं ते लिहिलं : निर्दोष. तो मला ओळखतो, गोठ्यात गेले की मागे येतो. त्याचा यात काही संबंध नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं. मंगळवारी, १८ फेब्रुवारीला मी डॉक्टरसाहेबांना अर्ज देणार आहे : व्याल्याची तारीख खोटी आहे, ती मी जाणूनबुजून लिहिली, या करडाचा बाप सूबेदार आहे, त्याला गरौठ्याला पाठवू नये आणि माझं प्रमाणपत्र परत घ्यावं. हे ठरलं आहे, त्यात तुझा सल्ला मी मागत नाही. पण अर्जाबरोबर मूळ वही जोडावी लागेल, आणि २ डिसेंबरचं पान तुझ्या अक्षरात आहे. तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. तुला स्वतःचं निवेदन द्यायचं असेल तर पाठव, मी सोबत जोडीन. द्यायचं नसेल तर मी फक्त माझं सांगीन. विचारलं तर म्हणेन, त्या दिवशी मी तिथे नव्हते, आणि ते खरं आहे. तू म्हणशील तसं करीन. कपडा सोडण्याआधी तू मला विचारलं नाहीस. मी अर्ज देण्याआधी तुला विचारते आहे. आणि आणखी एक, जे अर्जात येणार नाही. माझ्यासाठी याआधी कुणी काही चुकीचं केलेलं नव्हतं. ते कसं घ्यायचं हे मला अजून कळलेलं नाही. पण कपडा सोडताना तुला खरंच असं वाटलं होतं का, की मला हे कधीच जमणार नाही? की मी केंद्र सोडून जाऊ नये, एवढंच वाटलं होतं? दोन्हींपैकी जे असेल ते लिही. देवासला पत्र चार दिवसांत पोचतं, हे मी उद्या सकाळी टाकते आहे. सोमवार, १७ फेब्रुवारीपर्यंत मला उत्तर मिळेल असं पाठव.

तुझीच,
अनुसूया