दात दिसणारा फोटो

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव.

सुमाचा दात दिसणारा एक फोटो घरात न्हाय. एकसुद्धा.

परवा स्कूटरवरनं पडली माझी धाकटी पोरगी, जबडा दोन जागी मोडला. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, "आक्का, ऑपरेशनच्या आधी तिचा हसतानाचा फोटो आणा. आधीचे दात कसे होते ते बघून जबडा बसवायचा आहे." मला वाटलं, त्यात काय, ढीगभर असतील. विणायचा माग बंद ठेवून दुपारभर अल्बम उपसले, मोबाईल चाळला. शाळेचं गॅदरिंग, थोरलीचं लग्न, गेल्या वर्षीची दिवाळी. सगळीकडं ओठ घट्ट मिटलेले.

मिटायला कुणी लावले? मीच. फोटो काढताना दर वेळी माझंच सुरू, "सुमे, तोंड मीट गं, दात पुढं दिसत्यात." उद्या स्थळं येतील म्हणून. किती वर्षं म्हणत आले हे मी?

आत्ता दवाखान्यात तिला सांगितलं, "फोटो न्हाय गं सापडला." आणि रडूच आलं. मला धीर द्यायला ती पट्ट्यांच्या आत हसायला गेली. तिचा हात आपसूक वर आला, तोंड झाकायला.