चार बोटं माती

स्क्यूरलुंग,
११ ऑगस्ट

मेमे गुरमेत यांना ल्हाझेसचा वाकून जुले.

तुमचे गुडघे कसे आहेत? नुब्रात आपल्यापेक्षा ऊब असते, तेव्हा बरे असतील असं धरून चालते. इकडे आमा-आबा ठीक आहेत. सातू अजून हिरवा आहे. जर्दाळू मात्र हातचे गेले. छपरावर वाळत घातले होते आणि सलग तीन दिवस पाऊस लागला. सगळे काळे पडले. आमा म्हणते, गायसुद्धा हुंगून परत जाईल.

देचेन आचे, हे पत्र तूच तुझ्या वडिलांना वाचून दाखवशील. मोठ्यानं वाच आणि काही गाळू नकोस. असं मुद्दाम सांगते, कारण मी स्वतः गाळायची. शाळेत गेलेली घरातली पहिली म्हणून गावातली पत्रं माझ्याकडे यायची, आणि कुणाला लागेल असं वाक्य आलं की मी ते हळूच ओलांडून पुढे जायची. मेमे, देचेनच्या पत्रांतलीसुद्धा दोन-तीन वाक्यं तुम्हाला अजून माहीत नाहीत.

तर छप्पर. मी अगदी वैतागून गेले आहे. चुलीजवळ चार पातेली, देवघरात दोन, सातूच्या कणगीवर आमाची परात. पाऊस थांबला तरी आमचं छप्पर आणखी दोन दिवस गळत राहतं, जणू त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि सल्ले. पाणी पिऊन जायला आलेला माणूससुद्धा वर बघून सल्ला देऊन जातो. मामा म्हणतात पत्रा टाका. पत्र्याखाली हिवाळ्यात कोण झोपणार, ते? स्तांझिन ड्रायव्हर गाडीचं जळकं तेल ओतायला सांगतो. आमाची बहीण म्हणाली, मातीचा खड्डा खणण्याआधी सत्तूची चिमूट ठेवली होती का, नसेल तर खालचे नागदेव रागावलेत. ठेवली होती, तुम्हीच ठेवली होती, मी पाहिलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, मग कमी ठेवली असेल.

गावाचे प्रमुख म्हणून गोबांचं एकच म्हणणं आहे. माती टाका.

आणि सगळे टाकत आहेत, मेमे. तुम्ही गेल्यापासून गावात ज्याच्या-त्याच्या पाठीवर मातीची टोपली आहे. गावाची छपरं घालताना तुम्ही मातीच्या चार बोटांवर पाचवं बोट कुणाला ठेवू द्यायचा नाहीत. हात आडवा धरून मोजायचात आणि जास्तीची माती खरवडून खाली फेकायचात. आता कुणी वीतभर टाकली आहे, कुणी दोन वीत. भिजली की ती किती जड होते हे मी सांगून पाहिलं. मी घसा फोडून सांगितलं. गोबा शांतपणे म्हणाले, "अगं नोमो, चार बोटं पुरतात तर मग तुमचंच घर का गळलं?"

मी घरी येऊन पातेली रिकामी केली.

गेल्या वर्षीच्या बैठकीतही मी असंच ऐकून घेतलं होतं. तुम्ही प्रार्थनेच्या भिंतीला टेकून बसला होतात. गोबांनी विचारलं, आमचं नवं छप्पर पहिल्याच पावसात का गळावं? कुणी म्हणालं, मेमेंची नजर गेली. कुणी म्हणालं, वरच्या थराची मार्कालक माती चुकीच्या खड्ड्यातली. शेवटी ठरलं की थर पातळ पडला. तुम्ही एवढंच म्हणालात, की पन्नास वर्षं एवढाच टाकतो आहे. मग गोबांनी वही माझ्यापुढे सरकवली, आणि "गुरमेत यांनी थर पातळ दिल्यामुळे घर गळले" हे वाक्य मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात. गोबांनी अक्षराचं कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. आमानं चहा घुसळायला घेतला, तुम्ही नको म्हणालात. स्टुलावर चढून, छप्पर पुरं झाल्यावर आबांनी मुख्य तुळईला बांधलेली तुमच्या मानाची पांढरी खताग तुम्ही सोडलीत, चार घड्या घालून चुलीच्या कट्ट्यावर ठेवलीत आणि निघालात. त्या महिन्यातच तुम्ही नुब्राला लेकीकडे गेलात. हवा मानवेना म्हणून, असं सगळ्यांना सांगितलंत.

परवा म्हाताऱ्या आबी छोरोलच्या घराची तुळई मोडली.

तिच्या छपरावर तिनं या उन्हाळ्यात दोन वीत माती घातली होती. पाऊस तिसऱ्या दिवशी थांबला आणि दुपारी, चांगलं ऊन पडलेलं असताना, मधली तुळई गेली. आबी तेव्हा दारात बसून लोकर पिंजत होती म्हणून वाचली. तरी उडालेल्या फळीनं तिचा घोटा मोडला, आणि आत जिथे ती रोज झोपते तिथे गुडघाभर चिखल होता. आम्ही तिला उचलून बाहेर आणलं तर म्हणते कशी, "बरं झालं बाई, आता पुन्हा टोपल्या वाहायला मला कुणी बोलावणार नाही." सगळे हसले. मला हसता येईना. आणि त्याच संध्याकाळी तिचा पुतण्या उरलेल्या खोलीवर आणखी माती चढवत होता, कारण उरलेली खोली गळायला नको.

काल मी आबांना म्हटलं, आपलं छप्पर उघडू या. त्यांना वाटलं दुरुस्तीच करायची असेल. देवघरावरची माती आम्ही दोघांनी फावड्यानं ओढली. तुमची मार्कालक वरून अजून इतकी घट्ट होती की फावड्याला आवाज यायचा. तिच्याखाली पहिल्या थराची माती, आणि तिच्याखाली निळं प्लास्टिक. त्याच्या खोलगटात थाळीत साठावं तसं पाणी साठलेलं. प्लास्टिकच्या पोटालाही पाणी, चुलीच्या वाफेचं. त्याखालचं गवत कुजून काळं आणि विलोच्या काठ्या इतक्या मऊ, की नखानं टोकरता येत होत्या.

आबा म्हणाले, "हे काय? हे कुणी घातलं?"

मी म्हटलं, जुनं काहीतरी असेल. नव्या छपरात जुनं काय असणार? आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फावडं उचललं. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मेमे, ते प्लास्टिक मी घातलं.

तुम्ही पौर्णिमेच्या उपवासाला गोम्पात गेला होतात. काठ्या आणि गवत पसरून झालं होतं, माती पडायची होती. लेहला वसतिगृहात असताना समोरच्या नव्या हॉटेलचं छप्पर घालताना मी निळं प्लास्टिक अंथरलेलं पाहिलं होतं. मला वाटलं, आता पूर्वीसारखा पाऊस राहिलेला नाही आणि मेमेंना हे नवं ठाऊक नाही. खरं तर मी तुम्हाला आधी विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात की मातीला वरून वाळता येतं तसं खालूनही वाळता आलं पाहिजे. मी मान हलवली. आणि मनात म्हटलं, हे कुठल्या पुस्तकात आहे?

आमा शेतावर, आबा गिरणीवर होते. मी एकटीनं प्लास्टिक अंथरलं, कडा आत दुमडल्या आणि वर पहिला थर माझ्या हातानं पसरला, म्हणजे दिसू नये. तुम्ही परत आलात, थर पाहिलात आणि आबांना म्हणालात, "पोरीनं माझं एक दिवसाचं काम हलकं केलं." मला वाटतं त्या एका वाक्यामुळे मला नंतर बोलता आलं नाही. किंवा नसेलही तसं. भीती होती. शिकलेल्या मुलीचं चुकलं, असं व्हायला नको होतं. माझ्यामागून गावातल्या चार मुली शाळेत जाऊ लागल्या आहेत. त्यांची नावं पुढे करून मी वर्षभर स्वतःला समजावलं. पण त्या मुलींच्या डोक्यावरही आता दोन-दोन वीत माती आहे.

हे पत्र नुसतं तुम्हाला पाठवलं तर मी इथे सुरक्षितच राहते. तुम्ही कुणाला सांगणार नाही, मला ठाऊक आहे. म्हणून मी याच्या दोन प्रती केल्या आहेत. एक स्तांझिनच्या गाडीनं तुमच्याकडे निघेल. दुसरी उद्या सकाळी बैठकीत मी वाचणार आहे, न गाळता. आबी छोरोलच्या घरासाठी माती कुठून आणायची हे ठरवायला सगळे जमणार आहेत. प्लास्टिक सोबत नेईन. धुतलेलं नाही. वहीतलं माझं वाक्य खोडणार नाही, तसंच राहू देईन. त्याच्याखाली कोणी काय केलं ते माझ्या नावानिशी लिहीन.

आबांना मात्र आज संध्याकाळीच सांगायचं आहे. त्यांनी ते चार लोकांत ऐकावं असं नको. हे लिहिताना ते छपरावर ताडपत्री बांधत आहेत.

तुम्ही या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? पण लोक माझं ऐकून माती उतरवतील की नाही, याची मला खात्री नाही. तुम्ही छपरावर उभे राहून हात आडवा धरलात तर उतरवतील. पुढचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. आमच्या देवघराचं छप्पर उघडंच आहे आणि तुम्ही "टाका" म्हणेपर्यंत मी त्यावर एक टोपलीही टाकणार नाही.

तुमची खताग या पत्रासोबत आहे. आमानं ती वर्षभर सत्तूच्या डब्यात जपली होती, म्हणून पीठ लागलं आहे. तुळईला आम्ही ती बांधणार नाही. ती तुमच्या हातानं बांधली गेली तरच खरी.

देचेन आचे, इथपर्यंत वाचलंस ना? मग पुढचंही वाच.

मेमे, तुमची चार बोटं बरोबर होती.

ते खोटं जिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं,
ती ल्हाझेस