जोडाची पिन

रविवार, संध्याकाळ. टोकावडे, ढाब्याची खोली.

आज धाकट्या भावाला, संतोषला, मी जॅकच्या दांड्याने मारलं.

जुन्या टेम्पोच्या हौद्यातून आम्ही दोघांनी बनवलेली कॅरॅव्हॅन जीपमागे जोडून माळशेजला मुक्कामाला निघालो होतो. चढावर ती जीपपासून सुटली, मागे घरंगळली आणि नाल्यात आडवी झाली. पाचच मिनिटांपूर्वी माझी लेक चिऊ आत झोपली होती. रडली म्हणून पुढे घेतली, नायतर...

जोडाचा खिळा वर उसळू नये म्हणून त्याला खालून पिन लावतात. ती नव्हतीच. मुरबाडला गाडी जोडली संतोषने. "दादा, आयशपत, मी पिन लावलेली रे!" ओरडत होता. मी ऐकलं नाय. दोन फटके खांद्यावर, तिसरा तोंडावर. दात पडला. बायको मध्ये आली, तिलाही ढकललं.

आता पॅन्ट बदलताना खिशातून पिन निघाली. सकाळी संतोषने गाडी जोडल्यावर तिची पूजा मीच केली. हळदकुंकू लावायला मीच ती काढली होती. पिनेवर माझ्या बोटाचं कुंकू तसंच आहे.

बाहेर संतोष चुळा भरतोय, पाणी अजून लाल. मध्येच माझ्या बायकोला विचारलं त्याने, "वयनी, दादा जेवला का गो?"