पूज्य भागिले पूज्य

८ जानेवारी १९३५
शून्याने भागायचं नाही, हे पहिल्यांदा कोणी ठरवलं? मला माहीत नाही. बी.ए.ला गणित होतं, पास झाले, पण हा प्रश्न कधी पडला नाही. आज सहावीत लक्ष्मीने विचारला. "बाई, भागत नाही म्हणजे जमत नाही, का चालत नाही?" दोन्ही, म्हटलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही.

लक्ष्मीच्या घरी तेलुगू. घाईत शून्याला 'सुन्ना' म्हणून गेली. शेजारच्या नीलव्वाच्या घरी कानडी, तिकडे सुण्ण म्हणजे चुना. "बाई, हिला चुना पायजे, पानाबरोबर!" वर्ग पाच मिनिटं हसत होता. आमच्या घरी पूज्य. अण्णा अजून 'एकावर पूज्य दहा' असंच मोजतात.

११ जाने.
मोठ्या बाईंनी बोलावलं. २६ ला संमेलन. 'आपले थोर गणिती' यावर मी बोलायचं. लिहून काढायचं आणि आधी चिटणीस तात्यासाहेबांना दाखवायचं. मार्चात मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. मोठ्या बाई तेवढंच बोलल्या. पुढचं मला कळलं.

अण्णांना सांगितलं. त्यांचा शब्द जुनाच आहे : कायम झालीस तर बार्शीच्या स्थळाला नाही कळवतो, नाही झालीस तर वैशाखात उरकून टाकू. आई म्हणाली, "बोलताना पदर नीट घे."

१३ जाने. रवि.
दिवसभर वाचनालयात. लक्ष्मीचा प्रश्न बरोबर नेला होता.

ब्रह्मगुप्त. शून्याला संख्या मानून त्याच्या बेरजा-वजाबाक्यांचे नियम घालून दिले. धन आणि ऋण यांचेही. तेराशे वर्षांपूर्वी. वाचताना ऊर भरून आला, ते इथे लिहायला हरकत नाही. मग शून्य भागिले शून्य : म्हणतात, शून्य.
महावीराचार्य, कर्नाटकातले. शून्याने भागलं तर संख्या तशीच राहते म्हणतात.
भास्कराचार्य. शून्याने भागलं तर अनंत.

म्हणजे कोणीच 'भागू नका' म्हटलेलं नाही. प्रत्येकाने भागून पाहिलं. ब्र. यांचं उत्तर चूक आहे, हे मला दिसतं. एवढा मोठा माणूस चुकला आणि मला दिसतं, याने जरा घाबरायला झालं.

१६ जाने.
गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी. आईबरोबर यात्रेत गेले. पाळण्याजवळ लक्ष्मी आणि नीलव्वा भेटल्या, हातात बत्तासे. लक्ष्मी बत्तासा तोंडात ठेवूनच म्हणाली, "बाई, मला सापडलं. पाच गुणिले शून्य, शून्य. सात गुणिले शून्य, तेपण शून्य. मग शून्याला शून्याने भागलं तर पाचपण येतंय, सातपण."
"मग उत्तरं लई झाली की," नीलव्वा.
"म्हणूनच भागत नाहीत!"
पुस्तकात मला एवढं सोपं सापडलं नव्हतं. आई म्हणाली, "यात्रेत कसलं गणित गं काढता?"

२१ जाने.
तात्यासाहेबांकडे व्याख्यान नेलं. ओसरीवर बसून पूर्ण वाचलं त्यांनी. भास्कराचार्यांपाशी थांबून म्हणाले, "विजापूरचे म्हणतात त्यांना. म्हणजे आपले शेजारीच!" खूष होते. मग ब्र. आले. माझं वाक्य : 'शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, असे ब्रह्मगुप्त म्हणतात; इथे मात्र ते चुकले.' अर्धविरामाचा पूर्णविराम केला आणि पुढचं खोडलं. चार शब्द.
"पण ते चुकलेच आहेत."
"असतील. साहेब आपल्या चुका काढायला बसलाच आहे, त्यात आपल्या मुलींनी भर नको घालायला. पूज्य माणसांच्या चुका चव्हाट्यावर मांडायच्या नसतात, बाई."
चांगला माणूस आहे. शाळेसाठी दारोदार फिरलेला. राग येत नाही, हीच अडचण.

२२ जाने.
अण्णा : "चार शब्दांनी काय बिघडतं?"
हेच मी तात्यासाहेबांना विचारू शकले असते. सुचलं नाही.

२६ जाने.
संमेलन झालं. तात्यासाहेबांनी ओळख करून देताना "पूज्य ब्रह्मगुप्त, पूज्य महावीराचार्य, पूज्य भास्कराचार्य" म्हटलं. सहावीच्या रांगेत खसखस. नीलव्वा पुटपुटली, "तीन पूज्यं! बेरीज किती?" मोठ्या बाईंनी डोळे वटारले.

मी वाचलं. त्या पूर्णविरामाशी आले. थांबले. पुढच्या परिच्छेदावर गेले. टाळ्या.

वाक्य खरंच आहे. ब्र. तसं म्हणतातच. मी खोटं काही बोलले नाही, असं

२९ जाने.
तास संपल्यावर लक्ष्मी टेबलाशी आली. "बाई, माझं यात्रेतलं चुकलं होतं. शून्यच येतं ना. तुम्ही वाचलं."
"तुझं तुला काय वाटतं?"
"वाटून काय? ते पूज्य आहेत."
ती शून्याबद्दल बोलत नव्हती. 'नंतर सांगते' म्हटलं. पुढच्या तासाची घंटा झाली होती, हे खरं. पण घंटा रोजच होते.

३१ जाने.
लक्ष्मी सध्या काही विचारत नाही. पुस्तकात मागे बघून उत्तरं जुळवते. जुळतात.
मोठ्या बाई म्हणाल्या, शनिवारी तात्यासाहेब तुमचा तास बघायला येणार. त्यावरच ठरेल.

२ फेब्रुवारी, शनि.
तात्यासाहेब आले. मागे खुर्ची टाकून बसले. समीकरणं चालली होती, नीट चाललं होतं. शेवटी उठून त्यांनी लक्ष्मीला विचारलं, संमेलनातलं काय लक्षात राहिलं?
"शून्य भागिले शून्य, शून्य."
"शाब्बास! कोणी सांगितलं?"
"पूज्य ब्रह्मगुप्तांनी."
त्यांचा चेहरा इतका उजळला की क्षणभर वाटलं, राहू द्यावं. मग मी म्हटलं, "लक्ष्मी, ते चूक आहे. यात्रेत मला काय सांगितलंस ते फळ्यावर लिही."
तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पण बाई, पूज्य..."
"पूज्य असले तरी. तुझं बरोबर होतं."
लिहिलं तिने. आधी बारीक अक्षरात, मग मोठ्या. पाच, सात, आणि आपल्या मनाने शंभर. नीलव्वा : "आता पटलं?" कोणाला म्हणाली, कळलं नाही.

तात्यासाहेबांनी फळ्याजवळ येऊन ओळी वाचल्या. म्हणाले, "हे तुम्ही संमेलनातच का नाही बोललात?"
"तुम्ही खोडलं होतं. आणि मी ऐकलं."
"हं." काठी घेतली. गेले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, सोमवारी सकाळी तात्यासाहेबांबरोबर मीही तुमचा वर्ग पाहायला येणार, ठरायचं ते तेव्हाच. संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग बार्शीला काय लिहू?" माहीत नाही, म्हटलं. ते हातात टाक धरून बसून राहिले. आईने त्यांना जेवायला उठवलं.

एक राहिलं. शनिवारी फळा पुसायची पाळी नीलव्वाची. "पुसू का, बाई?"
नको म्हटलं. सोमवारी सकाळी तात्यासाहेब आणि मोठ्या बाई वर्ग पाहायला एकत्र येणार आहेत, हे तेव्हा मला माहीत होतं. खडू उचलून लक्ष्मीच्या ओळींखाली ते खोडलेले चार शब्द लिहिले, आणि दाराला कडी घालून घरी आले.